बोरू, टाक, फाउंटन पेन आणि माझी सही

मागच्या वर्षी बँकेत माझी सही जुळली नाही. हे गेल्यावर खात्याची कागदपत्रं बदलायची होती, म्हणून गेले होते. खिडकीतल्या मुलीनं तीन वेळा सही करून घेतली. तिसरी सही नमुन्याशी तर नाहीच, पण माझ्याच पहिल्या दोन सह्यांशीही जुळेना. ती बिचारी नम्रपणे म्हणाली, "आजी, जरा सावकाश करा ना, नेहमीसारखी." नेहमीसारखी म्हणजे कशी, हेच मला आठवेना.

घरी येताना हिशेब केला. शेवटचं पानभर कधी लिहिलं होतं? किराण्याची यादी मी दुकानदाराला फोनमध्ये बोलून पाठवते. सणाच्या शुभेच्छा आलेल्याच पुढे ढकलते. जी बाई लग्नानंतर माहेरी दर पंधरवड्याला चार पानी पत्र लिहायची, तिला आता तिचंच नाव नीट लिहिता येत नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या वह्यांची गाठोडी खाली उतरली. आमचं आटपाडीत पिढीजात भुसाराचं दुकान. दिवाळीत वहीपूजन झालं की जुनी वही कापडात बांधून माळ्यावर ठेवायची. एरवी मी धूळ झटकून पुन्हा वर चढवते. या वेळी मात्र उघडून बसले, आणि तीन गाठोड्यांत लिहिण्याच्या तीन पिढ्या सापडल्या.

पहिलं गाठोडं आजेसासऱ्यांचं. सगळं मोडीत, बोरूनं लिहिलेलं. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता, ही मोडीची रीत. बोरूचं टोक चाकूनं तिरकं छाटलेलं, म्हणून एक रेघ जाड, एक बारीक. शाई काजळीची, डिंक घालून घोटलेली. आमच्या दुष्काळी आटपाडीतही एखाद्या वर्षी माळा गळतोच. त्या वहीवर पाण्याचे डाग आहेत, कागद पिवळा पडून तुटायला आलाय, पण अक्षर काळंभोर आहे. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. तिला ऊन उडवत नाही.

मग टाक-दौतीचे दिवस आले. लाकडी दांडा, पुढे पोलादी नीब, दोन-चार शब्द झाले की पुन्हा दौतीत बुडवायचं. शाईच्या पुड्या आणि वड्या बाजारात मिळू लागल्या. १९३१ साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी फाउंटन पेनची शाई काढली, तिचं नाव कॅमल. त्या 'कॅमल इंक'वरूनच कॅम्लिन हे नाव तयार झालं. आपल्या मुलांच्या कंपासपेटीवर वाचलेल्या नावाचं मूळ असं शाईच्या वडीत आहे.

दुसरं गाठोडं मामंजींचं, निळ्या शाईतलं. इथे फाउंटन पेन दुकानात आलं. अमेरिकेत वॉटरमन यांनी १८८४ मध्ये पेनाचं पेटंट घेतलं, त्यानंतर हे पेन जगभर पसरलं. त्याची करामत साधी आहे. नीबला मधोमध बारीक चीर असते, खाली जिभली असते. जिभलीच्या खाचेतून शाई उतरते आणि तिच्या बदल्यात हवा आत जाते. टोक कागदाला लागलं की कागदच शाई ओढून घेतो. हातानं दाबायचं काहीच नसतं.

सुरुवातीला चांगलं पेन म्हणजे विलायती पेन असं समीकरण होतं. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवलं आणि ते गांधीजींकडे पोचलं. १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून कळवलं, की मी ते वापरलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो. ही पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, लेथवर हातानं कातलेली. मामंजींचं पेनही एबोनाइटचंच. मूळचं काळं, आता चहासारखं तपकिरी झालेलं.

त्या काळी आमची आटपाडी औंध संस्थानात होती. लहानसं, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं संस्थान, पण लिहिण्या-वाचण्याचा मोठा मान असलेलं. संस्थानातल्याच किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झालं. जानेवारी १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना लागू केली आणि आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. राजानं आपणहून सत्ता लिहून दिली! सहीची किंमत किती असू शकते, हे यावरून कळावं. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला, आणि त्याची पटकथा लिहिली आपल्याच शेटफळ्याच्या गदिमांनी.

गदिमा १९१९ चे, शंकरराव खरात आटपाडीचेच, १९२१ चे, व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे, १९२७ चे. आठ वर्षांच्या अंतरानं जन्मलेली ही तीन माणसं, पाऊस नसलेल्या मुलखातली. खरातांचे वडील गावकीचं काम करणारे तराळ. ज्या घरात पिढ्यानपिढ्या लेखणी पोचूच दिली गेली नव्हती, त्या घरातल्या मुलानं 'तराळ-अंतराळ' लिहिलं आणि तो विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आमच्या माळ्यावरच्या वह्या बघताना हे मी विसरू शकत नाही. आमच्या घरी बोरू आपसूक होता, म्हणून त्याची किंमत आम्हाला कळली नाही. मी तर तो हातातून सोडूनही दिला.

सोडला तो बॉलपेनमुळे. हंगेरीतले पत्रकार लाझ्लो बिरो यांनी १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. छापखान्याची शाई पटकन वाळते, मग पेनाची का नाही, असा त्यांचा प्रश्न. १९४५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका दुकानात बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आलं तेव्हा गर्दी उसळली होती. आमच्या शाळेत मात्र ते निषिद्ध. "अक्षर बिघडतं," म्हणून गुरुजी हातावर पट्टी मारायचे. बोटं निळी, फ्रॉकच्या खिशावर निळा डाग, टीपकागद आणि एकमेकींना थेंब थेंब उसनी शाई, असं आमचं बालपण. संसारात पडल्यावर बॉलपेनच सोयीचं वाटलं. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहायला टोपण कोण उघडत बसणार?

तिसरं गाठोडं त्याच बॉलपेनचं, आमच्या ह्यांच्या हातचं. पानाच्या मागे हात फिरवला की दाबून लिहिल्याच्या खुणा लागतात. ते वाचायला मी अजून धजले नाही. त्या वह्यांच्या नंतर वह्याच नाहीत, संगणक आहे.

मामंजींचं पेन त्यांच्या वह्यांबरोबरच सापडलं. नीबवर शाई वाळून खडा झालेली. रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं. गरम पाणी वापरू नका मैत्रिणींनो, एबोनाइटचा रंग उडतो. सकाळी वाटीतलं पाणी निळं झालं होतं. मामंजींना जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्यांची शाई माझ्या वाटीत! ते पाणी ओतून द्यायला मला अर्धा दिवस लागला. आणखी एक सांगते. चित्रकलेची पक्की काळी शाई या पेनात कधी भरू नका, जिभली कायमची बुजते.

पेन भरलं आणि पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कळलं, माझा आखडलेला अंगठा दुखत नाहीये. दाबावं लागतच नव्हतं. रोज सामायिक झालं की एक पान, असा नेम धरला. महिन्याभरात अक्षर ओळीवर आलं. बँकेत नव्या सहीचा नमुना दिला. जुनी सही आली नाहीच, पण ही आता रोज एकसारखी येते.

मामंजींच्या गाठोड्यात कोरी पोस्टकार्डंही होती. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला ते शंभरएक कार्डं हातानं लिहायचे. नवी सून असताना मी विचारलं होतं, "छापून का नाही घेत?" ते म्हणाले, "मग कुणाची क्षमा मागितली ते छापखान्याला ठाऊक, मला कुठं?" तेव्हा मला हसू आलं होतं.

यंदा क्षमावाणीला फोनवर मी दोनशे जणांना एकच चित्र पाठवलं. मग पेन घेऊन बसले आणि एकच कार्ड लिहिलं, माझ्या नणंदेला. घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. चूक सगळी तिची, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण शाईनं लिहिताना खोडता येत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात तपासावं लागतं, आणि तपासताना माझी चूक मला दिसली. चार ओळींना दुपार गेली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. पहिलंच वाक्य, "वहिनी, पत्ता वाचून दचकलेच मी. तुझं अक्षर दादांसारखं कधी झालं गं?"