दामोदर धर्मानंद कोसंबी आणि प्राचीन भारताचा इतिहास

प्राचीन भारताचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यापुढें पहिल्याच पानावर एक अडचण उभी राहते. त्या काळास बखरकार नाहीं. पुराणांतील वंशावळी एकमेकींशीं जुळत नाहींत आणि अशोकापूर्वींचे निर्विवाद असे शिलालेख जवळजवळ नाहींतच. तरीही आपले बहुतेक ग्रंथकार राजांच्या याद्या लावण्यांत गुंतून राहिले. आणि याद्या म्हटल्या कीं शाळामास्तरांची सोय होते, हें मी अनुभवानें सांगतों. परंतु ज्याला राजांचीं नांवें धड ठाऊक नाहींत अशा काळाचा इतिहास लिहावयाचाच नाहीं कीं काय? या प्रश्नाला ज्यानें नवें वळण दिलें तो गृहस्थ पेशानें इतिहासकार नव्हता. तो गणिती होता.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोव्यांत झाला. पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद हे त्यांचे वडील. दामोदरांचें शिक्षण अमेरिकेंत झालें. १९२९ सालीं हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले, काशी व अलीगड येथें शिकवून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत आले, आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. राहणें पुण्यास व काम मुंबईस, तेव्हां डेक्कन क्वीनचे ते नित्याचे उतारू.

इतिहासाकडे ते वळले तें नाण्यांच्या वाटेनें. आपलीं सर्वांत जुनीं नाणीं म्हणजे चांदीचे ठसे मारलेले लहान तुकडे, ज्यांना कार्षापण म्हणतात. त्यांवर राजाचें नांव नाहीं कीं सन नाहीं. एका बाजूस पांच चिन्हें, दुसऱ्या बाजूस कांहीं बारीक खुणा, एवढेंच. तक्षशिलेस भीर टेकाडांत १९२४ सालीं अशा अकराशेंहून अधिक नाण्यांचा साठा सांपडला. त्यांतच शिकंदराचीं दोन व फिलिप अऱ्हिडियसचें एक अशीं तीन कोरीं ग्रीक नाणीं होतीं, म्हणून साठा पुरल्याचा काळ साधारण ठरला. पण त्या मुक्या तुकड्यांचा आपसांतला क्रम कोण सांगणार?

कोसंबींनीं तराजू हातीं घेतला. नाणें हातोहात फिरतें तसें तें झिजतें, ही गोष्ट कोणत्याही सराफास ठाऊक आहे. कोसंबींनीं ती गणितांत बसविली. आधीं चालू व्यवहारांतील नाणीं एकेक करून तोललीं, झीज कोणत्या नियमानें होते तें पाहिलें, आणि मग तोच नियम पुराण्या साठ्यास लावला. तेव्हां असें दिसलें कीं मागील बाजूस खुणा जितक्या अधिक, तितकें नाणें सरासरीनें हलकें. म्हणजे त्या खुणा एकदम मारलेल्या नसून व्यापाऱ्यांनीं वेळोवेळीं नाणें पारखून मारलेल्या असाव्यात. या आधारावर कोणतीं चिन्हें कोणत्या राजवंशाचीं हें जें त्यांनीं पुढें सुचविलें, तें सर्व नाणकशास्त्रज्ञांस मान्य नाहीं. तरी ज्या तुकड्यांत इतरांनीं केवळ राजाचें नांव शोधलें, त्यांत त्यांना बाजार दिसला, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें.

दुसरें साधन त्यांचे पाय. पुण्याभोंवतालच्या टेंकड्या ते वर्षानुवर्षें पायीं तुडवीत आणि अश्मयुगांतील गारगोटीचीं बारीक हत्यारें वेंचीत. शेंदूर फांसलेल्या बिननांवाच्या देवी जेथें आढळतात, तीं स्थानें पुष्कळदां धनगरांच्या जुन्या वाटांवर असून तेथेंच हीं हत्यारेंही मिळतात, असें त्यांनीं दाखविलें. कार्ल्याचें लेणें घाटाच्या तोंडाशीं आहे, जुन्नरचीं लेणीं नाणेघाटाच्या वाटेवर आहेत. कार्ल्यास वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी दान देतो, तो तेथें केवळ पुण्य जोडावयास आलेला नाहीं. भिक्षूंचे विहार आणि मालाचे तांडे यांचा संबंध होता. आजची चालीरीत पाहून कालचा अर्थ लावण्याची ही पद्धति आपल्या पोथीनिष्ठ पंडितांस प्रथम विचित्रच वाटली असेल. पोथ्यांतही कोसंबी कच्चे नव्हते. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची संशोधित आवृत्ति १९४८ सालीं निघाली.

१९५६ सालीं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोक अन्न कसें पिकवीत, कोणत्या हत्यारांनीं, आणि पिकविलेल्यांतला वांटा कोणाकडे जाई, हा त्यांतील मुख्य प्रश्न. ते मार्क्सवादी होते आणि तें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. पण मार्क्सनें कल्पिलेली आशियाई समाजाची चौकट भारतास जशीच्या तशी लावण्यासही त्यांनीं नकार दिला. पुढें रामशरण शर्मा यांचा भारतीय सरंजामशाहीवरील ग्रंथ १९६५ सालीं आला; रोमिला थापर यांनींही कोसंबींचें ऋण मोकळेपणानें मानलें आहे. २९ जून १९६६ रोजीं कोसंबी पुण्यास वारले. १९७४ सालीं त्यांच्या स्मरणार्थ शर्मा यांनीं संपादिलेल्या लेखसंग्रहांत जातिव्यवस्था, शेती, व्यापार यांवर जे लेख आहेत, तसे लेख पूर्वींच्या पिढींत विरळा.

त्यांचे सर्व निष्कर्ष टिकले नाहींत. इंद्रानें वृत्रास मारलें याचा अर्थ आर्यांनीं सिंधु लोकांचे बांध फोडले, असा त्यांनीं लाविला. आज बहुतेक संशोधक त्या नगरांचा ऱ्हास पावसाच्या व नद्यांच्या पालटाशीं जोडतात. सिंधु लोकांस नांगर ठाऊक नव्हता, ते दंताळ्यानें माती उकरीत, हेंही त्यांचें मत होतें. राजस्थानांत कालीबंगन येथें १९६० नंतर जें उत्खनन झालें, त्यांत हडप्पापूर्व थरांत नांगरलेलें शेतच उघडें पडलें. त्यांतील तासें दोन दिशांनीं एकमेकांस काटकोनांत छेदीत होतीं. एका दिशेचीं सुमारें एक फुटाच्या अंतरानें, दुसरीचीं सुमारें सहा फुटांच्या. असें कां, याचें उत्तर उत्खनन करणाऱ्यांस भोंवतालच्या शिवारांत मिळालें. तेथील शेतकरी आजच्या काळींही एकाच रानांत जवळच्या तासांत कडधान्य आणि लांबच्या तासांत मोहरी पेरीत होते.