वारंवारतेवरून तरंगलांबी : एका सूत्राचा उलट प्रवास

प्रस्तावना :
प्रकाशवेगास वारंवारतेने भागले असता तरंगलांबी मिळते, हे कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थीही सांगतो. वारंवारता ५०० टेराहर्ट्झ असल्यास निर्वातातील तरंगलांबी ५९९.५८ नॅनोमीटर येते. गणित एका ओळीचे आहे. परंतु त्यातील वारंवारता मुळात कळली कशी, हा प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

तरंगलांबीकडून वारंवारतेकडे :
थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात, पातळ पापुद्र्यांतील रंगांविषयी न्यूटन यांनी केलेल्या मोजमापांवरून तरंगलांबी निश्चित केल्या. त्यानंतर तत्कालीन प्रकाशवेग वापरून टोकाच्या तांबड्या रंगासाठी सेकंदाला सुमारे ४६३ लाख कोटी कंपने त्यांनी काढली. म्हणजे वारंवारता हे गणिताचे उत्तर होते, आरंभ नव्हे. पुढे फ्राउनहोफर यांनी १८२१ मध्ये विवर्तन जालकाच्या साहाय्याने व आंगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटावरून तरंगलांबी अधिक अचूकपणे मोजल्या. इतकी जलद कंपने मोजणारे साधन मात्र उपलब्ध नव्हते. १९६० मध्ये मीटरची व्याख्याही क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी अशी करण्यात आली.

दिशाबदल :
१९७२ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे केनेथ इव्हन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिझियम घड्याळापासून लेसरांची साखळी जोडत मिथेनने स्थिर केलेल्या लेसरची वारंवारता थेट मोजली. ती सुमारे ८८.३७६ टेराहर्ट्झ भरली. तिला तरंगलांबीने गुणून प्रकाशवेग सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर मिळाला. अनिश्चितता केवळ १.१ मीटर होती. ही अनिश्चितता प्रामुख्याने वारंवारतेची नव्हती, तर क्रिप्टॉनवर आधारलेल्या मीटरची होती. मोजपट्टीच मोजमापाला अपुरी पडू लागली होती.

यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने सेकंदाच्या १/२९,९७,९२,४५८ भागात प्रकाश निर्वातात जेवढे अंतर कापतो ते म्हणजे मीटर, अशी व्याख्या स्वीकारली. त्यामुळे प्रकाशवेग मोजण्याची राशी न राहता ठरवून दिलेली राशी झाला. वारंवारता-कंगव्यामुळे दृश्य प्रकाशाची वारंवारता मोजणे पुढे सुलभ झाले. २००५ च्या नोबेल पारितोषिकाने जॉन हॉल व थिओडोर हेन्श यांच्या या क्षेत्रातील कार्याचा गौरव केला.

निष्कर्ष :
सूत्र तेच राहिले. ज्ञात काय व अज्ञात काय, हे मात्र बदलले. यंग यांच्या काळी वारंवारता तरंगलांबीवरून काढावी लागे, आज वारंवारतेवरून काढलेली तरंगलांबी मीटरलाच आधार देते. हा क्रम सांगितल्यास विद्यार्थ्यास सूत्राबरोबरच मापन म्हणजे काय, हेही उमगेल. वर्गातील एका ओळीच्या गणितामागे सुमारे १८० वर्षांचे परिश्रम आहेत, याची जाणीव अध्यापकांनी करून देणे अगत्याचे वाटते.