वाळूबरोबर आलेली पिसू

आरोप जो करतो त्यानेच तो सिद्ध करावा, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा. परंतु पूर्व आफ्रिकेतील खेड्यांत, एका क्षुद्र कीटकाने ज्यांचे पाय पोखरले आहेत अशा माणसांवर ‘ही माणसेच घाणेरडी’ असा ठपका पुरावा न पाहताच ठेवण्यात येतो. इतिहासाचे दप्तर उघडले असता निकाल निराळा लागतो.

हा कीटक म्हणजे वाळूतील पिसू. हिचा आकार जेमतेम एक मिलिमीटर. मूळ वस्ती मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांत. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो याने १५२६ साली तिचे वर्णन केले, तर लिनीयसने १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिले. ब्राझीलमध्ये तिला ‘बिशु द पे’, म्हणजे पायातला किडा, म्हणतात. गोमंतकातील जुन्या पिढीला हे शब्द उलगडून सांगावयास नकोत. मादी पायाच्या कातडीत शिरते, शेपटाकडील टोक तेवढे श्वासासाठी व अंडी टाकण्यासाठी बाहेर ठेवते आणि एक-दोन आठवड्यांत वाटाण्याएवढी फुगते. अंडी जमिनीवर पडतात, कोरड्या धुळीत त्यांची वाढ होते आणि नवी पिसू पुन्हा त्याच घरातील पाय शोधते.

ही पिसू आफ्रिकेत आपल्या पायांनी गेली नाही. १८७२ साली ‘थॉमस मिचेल’ नावाचे इंग्रजी जहाज ब्राझीलहून अंगोलातील अंब्रिझ बंदरात आले. तोल राहावा म्हणून त्याच्या तळाशी वाळू भरलेली होती, आणि त्या वाळूत पिसवा होत्या. किनाऱ्यावरून ती व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आत शिरली आणि शतक संपण्यापूर्वी खंड ओलांडून झांझिबार व मादागास्करपर्यंत गेली. १८९९ साली हिंदी मजूर व ब्रिटिश सैनिक यांच्याबरोबर ती मुंबईसही पोहोचल्याची नोंद आहे. आपल्या देशात तिने कायमचे ठाण मांडले नाही, हे आपले भाग्य. तो काही आपल्या पुण्याईचा दाखला नव्हे.

आफ्रिकेत मात्र तिला हवे ते सर्व मिळाले: मातीची भुसभुशीत जमीन, पाण्याचे दुर्भिक्ष, अनवाणी पाय आणि माणसांजवळच निजणारी कुत्री व डुकरे. जो कोस-दीड कोसावरून घागरभर पाणी आणतो, त्याने ते पिण्यास वापरावे की पाय धुण्यास? लहान मुले व वृद्ध यांचे हाल सर्वांत अधिक. बोटे सुजतात, नखे गळतात, चालणे असह्य होते. शाळेत पोरे हसतात, म्हणून मूल शाळा सोडते. कोणी यास शाप समजतात, आणि मग रोगाबरोबर लाजही लपवावी लागते. घरात एकच सुई असते. तिने साऱ्यांचे पाय कोरले जातात, आणि एकाच्या रक्तातील रोग दुसऱ्याकडे जाण्याचा धोका निर्माण होतो. जखमेतून धनुर्वातही होतो.

उपाय नाही असे नाही. डायमेथिकोन नामक तेलासारखा पातळ द्रव लावला असता पिसवेची श्वासाची वाट बंद होते व ती आतच मरते. कोरण्याची गरज राहत नाही. केनियातील मुलांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो पोटॅशियम परमँगनेटहून सरस ठरला. तथापि औषधाने बरा झालेला पाय पुन्हा त्याच धुळीत पडला, तर खटला पहिल्यापासून सुरू होतो.

तेव्हा आरोपी कोण? ज्याच्या पायात किडा, तो खचित नव्हे. अंब्रिझच्या लोकांनी ती वाळू मागविली नव्हती. पुढील पिढ्यांनी मातीची जमीन हौसेने पत्करली नाही. घरात घट्ट, धुता येण्याजोगी जमीन, दाराशी पाणी आणि पायांत वहाण, एवढी त्यांची मागणी आहे. दीडशे वर्षे ती प्रलंबित आहे.