दर सहा महिन्यांची तपासणी

२०००च्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांना एक अनुभव हमखास यायचा. घाईच्या वेळी कंप्युटर चालू करावा, तर पडद्यावर सूचना: डिस्क बरेच दिवस तपासलेली नाही, आता तपासतो. मग बसा वाट बघत. आदल्या दिवशी मशीन नीट बंद केलेलं असलं तरी साधारण २० ते ४० वेळा चालू झालं, किंवा १८० दिवस उलटले, की ही तपासणी व्हायचीच.

नियम ईएक्सटी२ या फाइलसिस्टिमच्या काळातला. फाइल लिहिताना वीज गेली तर डिस्कवरचा हिशेब अर्धवट राही, आणि तो जुळवायला सगळी डिस्क चाळावी लागे. २००१ साली ईएक्सटी३ लिनक्समध्ये आली आणि सोबत ‘जर्नल’ आलं. दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी करतो, तसंच हे. वीज गेली तर कीर्द बघून खतावणी पुरी करायची. मग ठरावीक मुदतीची तपासणी कशाला? काढून टाका, असं अनेकांचं म्हणणं होतं.

विरोधी बाजूही पोकळ नव्हती. कीर्द अर्धवट राहिलेल्या नोंदी सावरते. खतावणीला वाळवी लागली तर तिला पत्ताही लागत नाही. खराब डिस्क, सैल केबल, बिघडलेली मेमरी, कर्नलमधली चूक, यांतलं काहीही गुपचूप डेटा नासवू शकतं. मुदतीची तपासणी मुळात वाळवी शोधण्यासाठी होती.

पण डिस्क मोठ्या होत गेल्या, सर्व्हरवर तासन्‌तास खोळंबा होऊ लागला. २०११ साली नवी फाइलसिस्टिम बनवताना हा नियम आपोआप लागू होणं थांबलं. हवा असेल त्यानं तो स्वतः लावून घ्यावा. पुढच्याच वर्षी ईएक्सटी४मध्ये हिशेबाच्या नोंदींना चेकसम जोडण्याची सोय आली. म्हणजे वाळवीची निदान काही तपासणी नोंद वाचतानाच होऊ लागली.

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हीच ईएक्सटी४ वापरली गेली. तिथे जुना नियम असता तर फोन कधी ऐन गरजेच्या वेळी अडून बसला असता. म्हणून तो हटवणं मला योग्यच वाटतं. मात्र ‘जर्नल आहे ना’ हे त्याचं कारण मला पटत नाही. जर्नलनं ते काम कधी अंगावर घेतलंच नव्हतं. एखादी तपासणी जादा ठरवण्याआधी तिचं काम आता कोण करतंय, ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर बॅकअप घेऊन ठेवलेला बरा.