सीमाशुल्क अधिकाऱ्यांचे सागरी अधिकार

चोरट्या आयात-निर्यातीस आळा घालण्यासाठी संशयित जहाज अडविण्याचा व त्याची झडती घेण्याचा कायदेशीर अखत्यार. १८७८ च्या सागरी जकात कायद्याची जागा घेणाऱ्या १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमातील कलम १०६ अन्वये, भारतीय सीमाशुल्क-जलक्षेत्रातील एखादे जहाज तस्करीसाठी वापरले जात असल्याचे मानण्यास कारण असेल, तर विहित ध्वज फडकविणाऱ्या सरकारी नौकेस आंतरराष्ट्रीय संकेताने त्यास थांबण्याचे फर्मान देता येते. ते न जुमानल्यास पाठलाग करता येतो, आणि इशाऱ्याचा बार काढल्यावरही जहाज न थांबल्यास त्यावर गोळीबार करणे विधिसंमत ठरते. झडतीत किल्ल्या न मिळाल्यास कुलपे तोडता येतात. सबळ कारणावाचून न थांबलेले जहाज कलम ११५ नुसार जप्तीस पात्र होते. बळाचा हा क्रमशः वाढणारा वापर महसुलाबरोबरच निरपराध खलाशांच्या प्राणांचेही रक्षण करतो.