टगची चूक, भुर्दंड बार्जला

टग भाड्याने घेण्याच्या एका कराराचा मसुदा तपासताना मी एका कलमापाशी थबकलो. टगवरील कप्तान व खलाशी हे ओढल्या जाणाऱ्या नौकेच्या मालकाचे सेवक समजावेत, असे ते कलम. म्हणजे पगार व हुकूम टगमालकाचा. टक्कर झाली की सेवक मात्र दुसऱ्याचे!

या युक्तीचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये बिसो खटल्यात लावला. मिसिसिपी नदीतून 'कैरो' ही वाफेची टग एक तेलवाहू बार्ज ओढून नेत होती. बार्जला ना इंजिन, ना सुकाणू, ना खलाशी. टगच्या हलगर्जीपणामुळे ती पुलाच्या खांबावर आदळून बुडाली. करारात जोखीम सर्वस्वी बार्जची. विशेष म्हणजे, टग चालवणारी इनलँड वॉटरवेज कॉर्पोरेशन सरकारी मालकीची होती.

न्यायमूर्ती ब्लॅक यांनी ती सूट रद्दबातल ठरवली: नुकसान भरावे लागले तरच निष्काळजीपणाला आळा बसतो, आणि अडलेल्या गिऱ्हाइकाला सबळाच्या अटींपासून संरक्षण हवे. फ्रँकफर्टर असहमत होते. इंग्लंडमध्ये तर अशी कलमे आजही सर्रास चालतात. व्यापाऱ्यांनी आपले पाहावे, अशी तेथील वृत्ती.

आपल्याकडे 1986 मध्ये, योगायोगाने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्याच खटल्यात, करार कायद्याच्या कलम 23 खाली विषम बळाच्या अटी न्यायालयाने शून्य ठरवल्या. तो वाद नोकरीचा होता, टगचा नव्हे. तरीही मसुद्यावरील टिपणीत मी दोन्ही निकाल नोंदवले आणि विमा कोणी उतरवायचा, हे विचारले.