शॅलोचं तांबडं पाणी

१९८०च्या दशकात मी बँकेच्या नोकरीनिमित्त पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात होतो, चाकदह-हरिणघाटा भागात. शेतीकर्जाचे निम्मेअधिक अर्ज 'शॅलो'चे असत. शंभर-दीडशे फुटांची बोअर आणि वर डिझेल इंजिन, याला तिकडे शॅलो म्हणतात. हप्ते वेळेवर येत, कारण शॅलो आली की बोरो आलाच. माघाच्या सुमाराला लावायचा आणि वैशाखात कापायचा हा उन्हाळी भात. एरवी पावसाळ्यात आमन भात, थंडीत मसूर-मोहरी आणि उन्हाळ्यात रान मोकळं, असा तिथला जुना शिरस्ता.

आम्ही राजापूरकडचे. पाणी लाल दिसलं तर त्यात माती आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे पाइपातून नितळ पाणी पडे आणि पाटात दहा-वीस पावलं गेलं की तांबूस व्हायला लागे. पाटाच्या तळाशी भगवा गाळ बसे, बोट लावलं तर बुळबुळीत. ज्यांच्या शेतावर मी पाहणीला जाई ते काकाबाबू पेरूचं पान चुरगळून पेल्यात टाकत. पाणी जांभळट-काळं पडलं की म्हणत, "आयरन बेशी, म्यानेजरबाबू." म्हणजे लोखंड जास्त. त्या पाण्याचा चहा काळा होई आणि धोतरं कायमची पिवळट. तक्रार एवढीच. पीक तर चांगलं होतं!

बंगालला पाणी नवं नव्हतं. सर विल्यम विलकॉक्स या इंग्रज पाटबंधारे तज्ज्ञाने कलकत्ता विद्यापीठात दिलेली व्याख्यानं १९३० साली छापून निघाली. नदीचं पुराचं गढूळ पाणी मुद्दाम शेतात घेऊन जमीन कसदार ठेवायची, अशी इथली प्राचीन पद्धत होती, हे त्यांचं म्हणणं. ते सगळं पाणी वरचं. शॅलोने पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणावर खालचं पाणी वर काढलं, आणि हा फरक माझ्या मते हरितक्रांतीच्या गोडव्यांत फार कमी सांगितला जातो.

हे खालचं पाणी तांबडं होतं ते असं. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो. जमिनीत खोल, हवा नसलेल्या जागी, पुरलेल्या पालापाचोळ्यावर जगणारे जिवाणू तो लेप विरघळवतात. लोखंड पाण्यात उतरतं आणि लेपाला चिकटलेलं आर्सेनिकही सुटतं. वर हवा लागली की लोखंडाचा पुन्हा गंज होतो, खाली बसतो आणि बसताना आर्सेनिकला धरून ठेवतो. म्हणजे लोक ज्या डागाला शिव्या घालत होते, तोच पाण्यातलं विष पाटाच्या तोंडाशी अडवत होता. पण शेत तुडुंब भरलं की चिखलातली हवा संपते, गंज पुन्हा विरघळतो आणि अडवलेलं मोकळं होतं.

हिशेब बँकवाल्याला सुटत नाही. बोरोला हंगामभरात साधारण १००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी एक कोटी लिटर. लिटरमागे ५ मिलिग्रॅम लोखंड धरलं, जागतिक अन्न व कृषी संघटना सिंचनासाठी तेवढीच मर्यादा सांगते, तर दर हंगामाला हेक्टरी ५० किलो लोखंड. आणि ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक धरलं तर एक किलो. हे लोखंड मातीतल्या स्फुरदालाही बांधून ठेवतं, ते वेगळंच.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी आर्सेनिकचे रोगी ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी गावोगाव पाणी तपासलं. पण सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे. शेतातल्या पाण्याकडे बऱ्याच उशिरा गेलं. बांगलादेशात फरीदपूरला एकाच शॅलोच्या रानात संशोधकांनी मोजमाप केलं. तोंडाजवळ आर्सेनिक सर्वांत जास्त, टोकाला कमी. आणि जिथे कमी तिथे हेक्टरी ७ ते ९ टन भात, जिथे जास्त तिथे २ ते ३. दाणे पोचट. रोप उपटलं तर भाताच्या मुळांवरही गंजाचा तांबडा लेप असतो. मुळांतून बाहेर पडणाऱ्या हवेने तो तयार होतो आणि थोडंफार आर्सेनिक तिथेच थोपवतो. थोडंफारच.

मग इतक्या वर्षांत ही जमीन पार नासली कशी नाही? बांगलादेशातल्याच मुन्शीगंज जिल्ह्यात श्रीनगरला २०१०च्या सुमारास याचं उत्तर मिळालं. पावसाळ्यात शेतं महिनोन्‌महिने पुराखाली असतात, तेव्हा मातीतलं आर्सेनिक पाण्यात उतरतं आणि पुराबरोबर निघून जातं. सिंचनाने आलेल्यापैकी दरवर्षी १३ ते ४६ टक्के असं धुतलं जातं, असा अंदाज निघाला. विलकॉक्स पुराचे गुण सांगत होते ते गाळासाठी. पूर असंही काम करतो, हे त्यांच्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नसणार. आता बांध घालून पुराला बाहेर ठेवलेल्या रानात बोरोचं पीक बिनघोर येतं, पण तिथे धुणारं कोणी नाही. पाटाच्या तोंडाचा वाफा वर्षानुवर्षं तोच गाळ घेत राहतो.